यंत्रावर हात कुणाचा, कागदावर हुद्दा कोणता

मैत्रिणींनो, जेवणं आटोपली असतील तर निवांत बसून ऐका, नसतील तर भाकरी थापता थापता ऐका. आज विहिरीवरच्या स्टार्टरपासून सुरुवात करू या.

तो पत्र्याचा डबा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. हिरवं बटण, लाल बटण. रात्री दोनला लाइट येते, घरातलं कुणीतरी बॅटरी घेऊन विहिरीवर जातं, हिरवं बटण दाबतं, आत 'खट्' वाजतं आणि मोटर सुरू होते. बोट काढलं तरी ती चालूच राहते. बटण तर पुन्हा वर आलेलं असतं, मग मोटर कशी चालू राहते? त्या डब्यात तारेचं एक वेटोळं असतं, त्याला कॉइल म्हणतात. बटण दाबलं की कॉइलमधून वीज जाते, तिचं लोहचुंबक होतं, ते एक पट्टी ओढून घेतं आणि मोटरला वीज मिळते. त्याच ओढीत बाजूची आणखी एक बारीक पट्टी जुळते आणि ती कॉइलला वीज देत राहते. म्हणजे तुमच्या बोटाचं काम त्या बारक्या पट्टीनं आपल्याकडे घेतलं. लाल बटण दाबलं की ही साखळी तुटते. लाइट गेली तरी तुटते, आणि लाइट परत आली तरी आपली आपण जुळत नाही. म्हणून लोक 'ऑटो' बसवतात. मग गावातल्या साऱ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते, ते भांडण आज नको.

सांगायचं होतं ते हे, की कारखान्यात ज्याला ऑटोमेशन म्हणतात, ते मुळात एवढंच. तुमच्या विहिरीवर अशी एक कॉइल आहे, मोठ्या कारखान्यात अशा हजारो असायच्या. टाकी भरली की झडप बंद, दूध तापलं की वाफ कमी, पट्टा अडकला की मोटर बंद. हे सगळं माणसाच्या बोटाऐवजी यंत्रानं करायचं. या कामात मी तीस वर्षं काढली. आयटीआयला 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' नावाचा ट्रेड केला, तेव्हा आमच्या वर्गात आम्ही दोघी मुली होतो आणि बाकी सगळी मुलं. गावात कुणालाच या ट्रेडचं नाव नीट घेता यायचं नाही. आत्या सगळ्यांना सांगायची, "आमची पोरगी घड्याळं दुरुस्त करायला शिकतीय." काट्यांची तबकडी पाहिली की तिला घड्याळच वाटायचं. तिचं फार चुकत नव्हतं म्हणा.

पण आज यंत्रांपेक्षा त्यांच्याजवळ उभ्या असलेल्या माणसांना काय काय नावं दिली गेली, त्याबद्दल बोलायचंय. हुद्दा म्हणजे नुसती पाटी नसते. कुणी नुसतं काट्याकडे बघायचं, आणि काटा का हलला हे विचारायचा हक्क कुणाला, हे त्या पाटीवरून ठरतं. पगारही त्यावरूनच.

यंत्राला स्वतःवर ताबा ठेवायला शिकवण्याची एक जुनी आणि नामांकित युक्ती आहे जेम्स वॉटची, १७८८ सालची. वाफेच्या इंजिनावर त्यानं दोन लोखंडी गोळे गरगर फिरते ठेवले. इंजिन जोरात पळायला लागलं की गोळे फाकतात आणि वाफेची झडप आपोआप थोडी मिटतात. इंजिन मंदावलं की गोळे खाली येतात, झडप उघडते. पवनचक्क्यांत ही कल्पना आधीपासून होती, वॉटनं ती इंजिनाला लावली. त्या जोडीला नाव पडलं 'गव्हर्नर'. त्या काळी मुंबईत इंग्रजांचा गव्हर्नर बसून आपल्या मुलखावर डोळा ठेवून होता, हे लक्षात घ्या. दोन लोखंडी गोळ्यांना लाटसाहेबाचा हुद्दा मिळाला, आणि त्याच इंजिनात रात्रंदिवस कोळसा टाकणारा मात्र आगवालाच राहिला.

आता मुंबईला येऊ. कोकणातली, घाटावरची कितीतरी घरं या गिरण्यांवर जगली, त्यामुळे तुमच्याही घरात कुणी आजी-आजोबा गिरणीत असतील. ताडदेवच्या पहिल्या कापडगिरणीतून १८५६ साली सूत निघू लागलं. पुढे गिरण्या वाढल्या तसे हुद्देही वाढले. खात्यावर जॉबर. तो माणसं भरायचा, काढायचा, यंत्रं नीट चालतात का बघायचा. बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यात, म्हणजे वाइंडिंग आणि रीलिंगमध्ये. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. या शब्दाला बाहेर दुसराही अर्थ होता, तो तुम्हाला ठाऊक आहे. जॉबर म्हटलं तर कुणी हसत नसे. नायकीण म्हटलं की हसणारे असणारच. कामाला नाव देताना बाईच्या वाट्याला कसलं नाव येतं, ते बघा.

१९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती. मग ही संख्या उतरत गेली. कारणं एकात एक गुंतलेली आहेत. १९११ च्या फॅक्टरी कायद्यानं बायांना गिरणीत रात्री काम करायला बंदी केली. हेतू रक्षणाचा होता, आणि त्या काळच्या गिरण्यांची हालत पाहता मी त्याला वाईट म्हणणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा आला, तोही चांगलाच. पण त्याच सुमाराला मालकांनी 'रॅशनलायझेशन' सुरू केलं. म्हणजे माणसं कमी, प्रत्येकाकडे यंत्रं जास्त, आणि पाळ्या जास्त. भारी किमतीचं वेगवान यंत्र घेतलं की ते रात्रीही चालायला हवं, नाहीतर पैसा वसूल कसा व्हायचा? आणि रात्री बाई चालत नाही. मग दिवसाही बाई कशाला, असा हिशेब झाला. काम तेच, सूत गुंडाळायचंच. यंत्र सुधारलं आणि काम पुरुषाचं झालं. बाईच्या हाताला जे 'सोपं काम' होतं, ते पुरुषाच्या हाती गेल्यावर कौशल्याचं ठरलं.

ही गोष्ट इथे जराशी बाजूला ठेवते आणि तुम्हाला दूर अमेरिकेत नेते, कारण तिथे याच्या उलटं घडलं आणि तरीही शेवट तसाच झाला.

दुसरं महायुद्ध चालू होतं. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात डोंगराळ मुलूख आहे, गरीब शेतकऱ्यांचा. १९४२ साली सरकारनं तिथली सुमारे ५९ हजार एकर जमीन ताब्यात घेतली. सुमारे तीन हजार माणसांना उठवलं, कुणाला काही आठवड्यांची मुदत. धरणात किंवा एमआयडीसीत जमीन गेलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. तिथे ओक रिज नावाचं गुप्त शहर उभं राहिलं. नकाशावर ते नव्हतं. दोन-अडीच वर्षांत तिथली वस्ती ७५ हजारांवर गेली.

त्या शहरात वाय-१२ नावाचा कारखाना होता. त्याचं काम युरेनियम पाखडायचं. हो, पाखडणंच म्हणते, कारण तुम्हाला सुपाचं माहीत आहे. युरेनियम नावाच्या धातूत दोन जातीचे कण एकत्र असतात. त्यातले जरा हलके जे असतात, त्यांचाच उपयोग होता, आणि ते शंभरात एकाहूनही कमी. म्हणून युरेनियमचे कण विजेनं भारून मोठ्या चुंबकाच्या क्षेत्रातून पळवायचे. हलका कण जास्त वळतो, जड कमी वळतो. दोघं वेगवेगळ्या जागी जाऊन पडतात. चुंबकांच्या तारेला तांबं पुरेना, कारण युद्धात ते सगळीकडे लागत होतं, तेव्हा सरकारी खजिन्यातली सुमारे १४,७०० टन चांदी उसनी आणून तिची वेटोळी केली. चांदी! आपण एका पैंजणासाठी सोनाराकडे तीन चकरा मारतो.

असे १,१५२ सांगाडे त्या कारखान्यात होते, आणि ते चोवीस तास चालवायला माणसं हवी होती. पुरुष युद्धावर. म्हणून आसपासच्या खेड्यांतल्या, शाळा नुकतीच संपवलेल्या मुली भरती केल्या. एकेक मुलगी उंच स्टुलावर बसायची, समोर कपाटाएवढी पाटी, तिच्यावर तबकड्या, काटे आणि गोल मुठी. काटा डावीकडे सरकला तर ही मूठ फिरवायची, उजवीकडे सरकला तर ती. काटा जागेवर ठेवायचा, आठ तास. यंत्र फार बिथरलं तर वरच्याला हाक मारायची. त्यांचा हुद्दा होता 'क्युबिकल ऑपरेटर'. आपण काय बनवतोय हे त्यांना सांगितलेलं नव्हतं. विचारायला मनाई होती, घरी बोलायला मनाई होती. चुंबकाचा जोर असा की जवळ गेलं तर केसातल्या पिना ओढल्या जायच्या. त्या पिनांवरून तरी एखादीला काहीबाही अंदाज आला असेल.

इथे एक प्रसंग घडला, तो या धंद्यातल्या प्रत्येकानं ऐकावा असा आहे. हे यंत्र ज्यांच्या डोक्यातून निघालं ते अर्नेस्ट लॉरेन्स, १९३९ चे नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. त्यांना वाटे, इतकं नाजूक यंत्र या मुलींच्या हाती कसं द्यायचं, माझे डॉक्टरेट झालेले लोकच ते चालवू शकतील. लष्कराच्या बाजूनं कर्नल केनेथ निकल्स होते. त्यांनी आकडे दाखवले, की तुमच्या शास्त्रज्ञांपेक्षा या डोंगरातल्या मुलींचं उत्पादन जास्त आहे. दोघांनी पैज लावली. मुली जिंकल्या.

निकल्स यांनी याचं कारणही सांगून ठेवलंय. शास्त्रज्ञांना राहवत नसे, काटा जरा हलला की तो का हलला याचा शोध घेत बसत. मुलींना शिपायासारखं शिकवलं होतं, का म्हणून विचारायचं नाही.

मला हे कारण अर्धंच पटतं. मी स्वतः वर्षानुवर्षं काट्यांसमोर बसले आहे. ज्याला साहेब 'न विचारता हुकूम पाळणं' म्हणतात, ते दरवेळी तसं नसतं. तव्यावरची भाकरी कधी उलटायची हे तुम्ही कुणाला विचारता का? वास येतो, कडा सुटते, हात आपोआप जातो. ते ज्ञानच आहे, फक्त त्याची परीक्षा होत नाही आणि कागद मिळत नाही. काटा हलण्याआधी तो हलणार आहे हे कळायला लागतं. त्या मुलींना ते कळत होतं, असं मी माझ्या हातावरून सांगते. पण त्यांचा हुद्दा ऑपरेटरचा होता, म्हणून त्यांचं जिंकणंसुद्धा आज्ञाधारकपणाच्या खात्यात जमा झालं.

आणि 'का' न सांगण्याची दुसरी बाजू आणखी जड आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर बॉम्ब पडला. त्यातलं युरेनियम ओक रिजचं. आपण एवढे दिवस काय पाखडत होतो, हे त्या मुलींना तेव्हा कळलं. युद्ध संपलं म्हणून काही जणी नाचल्या, काही पुढे आयुष्यभर त्याचा विचार करत राहिल्या. ते काम करायचं की नाही, हे ठरवायची संधी त्यांना कुणी दिली नव्हती. कृष्णवर्णीय बायांना तर त्या स्टुलावर बसायचीही मुभा नव्हती. त्याच कारखान्यात त्यांच्या वाट्याला झाडलोट आली. १९४६ संपता संपता ती यंत्रं बहुतेक बंद पडली आणि मुली घरी गेल्या.

आता पुन्हा आपल्या स्टार्टरच्या डब्याकडे येऊ. युद्धानंतर मोटारगाड्यांच्या कारखान्यांत अशा कॉइल-पट्ट्यांनी, म्हणजे रिलेंनी, भरलेली कपाटंच्या कपाटं असत. एका यंत्रानं आधी काय करायचं, मग काय करायचं, हे सगळं तारांनी जोडून ठरवलेलं. गाडीचं मॉडेल बदललं की त्या तारा उपटायच्या आणि नव्यानं जोडायच्या. आठवडेच्या आठवडे जायचे, आणि एक पट्टी घाण झाली तर ती शोधता शोधता इलेक्ट्रिशियन घामाघूम. या इलेक्ट्रिशियन लोकांकडे एक नकाशा असे. दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये आडव्या पायऱ्या, दिसायला अगदी माळ्यावरच्या शिडीसारखा. एकेक पायरी म्हणजे एकेक साखळी. आपला विहिरीचा स्टार्टर काढला तर त्याची एक पायरी होते. लाल बटण, मग हिरवं बटण, हिरव्याला समांतर ती बारकी पट्टी, आणि शेवटी कॉइल.

१९६८ साली जनरल मोटर्स कंपनीच्या गिअर बनवणाऱ्या विभागानं मागणी काढली, की तारांऐवजी आज्ञा बदलता येतील असं यंत्र कुणीतरी द्या. त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला डिक मॉर्ली नावाच्या एका इंजिनियरनं अशाच यंत्राचं टिपण लिहून काढलं होतं. आदल्या रात्रीची उतरली नव्हती, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या छोट्या कंपनीचं हे ८४ वं काम, म्हणून यंत्राचं नाव पडलं मॉडिकॉन ०८४. १९६९ पर्यंत ते कारखान्यात जाऊन पोचलं. आज त्याच जातीच्या यंत्राला पीएलसी म्हणतात. दूध डेअरीत, साखर कारखान्यात, पाणी शुद्धीकरण केंद्रात, सगळीकडे ते आहे.

माझा जीव या यंत्रावर एका कारणासाठी जडला. त्याला आज्ञा द्यायची भाषा त्यांनी नवी काढली नाही, शिडीचीच ठेवली. पडद्यावर त्याच दोन उभ्या रेषा, त्याच पायऱ्या. गणिताच्या पदवीवाल्यांना आवडेल अशी भाषा करता आली असती. पण खात्यातल्या इलेक्ट्रिशियनला वाचता आलं पाहिजे, रात्री यंत्र अडलं तर त्याला दुरुस्त करता आलं पाहिजे, ही गरज होती. म्हणजे यंत्र नवं आलं तरी 'का' विचारायचा हक्क जुन्या कामगाराकडे राहील, अशी सोय यंत्रातच झाली. असं फार क्वचित होतं. मला शिकवणाऱ्या सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर शिडी काढली आणि म्हणाले, "ज्याला स्टार्टर कळला, त्याला हे कळलं." मला स्टार्टर कळत होता. वडिलांबरोबर विहिरीवर बॅटरी धरायला मीच जायची.

आता माझंच थोडं सांगते. आयटीआय झाल्यावर मी एका कारखान्यात लागले. कारखान्याचं नाव घेत नाही. दाबाचे मीटर, तापमानाचे मीटर तपासायचे, चुकत असतील तर जुळवून द्यायचे. कारखान्यात टाकीपासून कंट्रोल रूमपर्यंत माप विजेच्या रूपात जातं, ४ ते २० मिलिअँपियर. टाकी रिकामी असेल तर ४, भरली तर २०. शून्यापासून का नाही, ४ पासून का? कारण शून्य आलं तर समजायचं की तार तुटली. टाकी रिकामी आहे आणि तार तुटली आहे, या दोन गोष्टी वेगळ्या दिसल्या पाहिजेत. मला ही युक्ती फार आवडते. ज्यानं कुणी ती काढली, त्यानं घर चालवलेलं असावं.

बरोबर लागलेली मुलं दोन-तीन वर्षांत पाळीवर गेली, 'टेक्निशियन' झाली. मला दिवसाच्याच पाळीत टेबलावर ठेवलं. कारण तेच, जुनं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा कारखान्यात कामाला लावता येत नसे. वाफेचा आणि रसायनाचा कारखाना रात्री बंद होत नाही. कंट्रोल रूममध्ये बसणारा तिन्ही पाळ्यांना लागतो. त्यामुळे पॅनेलसमोरची खुर्ची बाईला मिळतच नव्हती. पुढे महाराष्ट्रानं सुरक्षेच्या अटी घालून ही बंदी सैल केली, पण तोवर माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. राग आला तो दुसऱ्या गोष्टीचा. मुलाच्या कॉलेजच्या कर्जासाठी बँकेनं पगारपत्रक मागितलं. नीट वाचलं तर हुद्द्याच्या रकान्यात 'हेल्पर'. नऊ वर्षं मी ज्या मीटरवर सही करत होते, ती सही हेल्परची होती. बरोबरीच्या मुलांनी माझ्या सहीवर विश्वास ठेवून झडपा उघडल्या होत्या.

किमान वेतनाच्या तक्त्यात तीन पायऱ्या असतात, अकुशल, अर्धकुशल आणि कुशल. हेल्पर म्हटलं की तुम्ही खालच्या पायरीवर. हातात कितीही कसब असो, कागदावर 'हेल्पर' आहे ना, मग दर तोच.

मी साहेबांकडे गेले. म्हणाले, "बाई, नावात काय आहे? तुमचं काम हलकं, टेबलावरचं. पाळीवाल्यांचं वेगळं." तेव्हा एका वकीलबाईंनी मला ऑड्री डिकॉस्टा यांचा खटला सांगितला. तो तुम्हीही ऐकून ठेवा. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीत त्या लघुलेखिका होत्या. लघुलेखक पुरुषांना पगार जास्त, बायांना कमी. कंपनी म्हणाली, या बायांचा हुद्दा निराळा आहे, या मोठ्या साहेबांच्या खासगी 'लेडी स्टेनोग्राफर', पुरुष यांचं काम करत नाहीत, मग तुलना कशाशी करणार? १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली डिकॉस्टा भांडत राहिल्या आणि १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. न्यायालय म्हणालं, नाव काय दिलंय ते पाहू नका, काम मुळात सारखं आहे का ते पाहा. पगार द्यायला परवडत नाही, ही सबबसुद्धा चालणार नाही असं सांगितलं.

मी अर्ज केला. मी काय काय करते, कोणतं मीटर कुठल्या तारखेला जुळवलं, रजिस्टरची कोणती पानं, सगळं लिहून दिलं. दीड वर्ष गेलं. अखेर 'ज्युनियर टेक्निशियन' असं पत्र आलं. मागचा फरक मिळाला नाही. 'ज्युनियर' कशाला, हेही कुणी सांगितलं नाही. पण ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे, लग्नाच्या शालूखाली.

आजच्या मुलींना आणखी नवी नावं ऐकू येतात, ती पटकन सांगते. पॅनेल वायरिंग म्हणजे तो मोठा डबा जोडणं. यात आता बऱ्याच मुली असतात, बोटं बारीक लागतात म्हणे, मी म्हणते डोकं लागतं. इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणजे आमचं काम. पॅनेल ऑपरेटर म्हणजे पडद्यासमोर बसून कारखाना चालवणारा, आणि फील्ड ऑपरेटर म्हणजे बाहेर झडपेजवळ फिरणारा. पीएलसीत शिडी लिहितो तो प्रोग्रामर किंवा ऑटोमेशन इंजिनियर. कंट्रोल इंजिनियर म्हणजे कोणतं माप घ्यायचं आणि त्यावरून कोणती झडप किती हलवायची हे ठरवणारा. आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं आणून एकत्र जोडून देणाऱ्या कंपनीला सिस्टिम इंटिग्रेटर म्हणतात. लहान कारखान्यात यातली चार कामं एकच माणूस करतो, आणि पाटी त्यातल्या सर्वात खालच्या कामाची लावतात. हल्ली तर शिडीलाही कुलूप असतं. पीएलसीचा पासवर्ड पुरवठादाराकडे, आणि यंत्र अडलं की पुण्याहून सर्व्हिस इंजिनियर गाडी घेऊन येतो. ज्यांच्यासाठी शिडीची भाषा ठेवली होती, ती माणसं बाजूला उभी राहून बघतात.

आमच्या गावच्या पाणी योजनेवरही आता असा एक डबा बसलाय. टाकी भरली की पंप बंद, उतरली की चालू. तो सांभाळते आमच्याच गटातली एक सून. लाइट कमी-जास्त झाली, तरंगता गोळा अडकला, की हीच धावते. परवा भेटली तेव्हा विचारलं, "अगं, पंचायतीच्या कागदावर तुला काय लिहिलंय?" म्हणाली, "काकू, कागद कुणी पाहिलाय? सगळे पाणीवालीच म्हणतात." बुधवारी आम्ही दोघी ग्रामसेवकांकडे जाणार आहोत, तो कागद बघायला.

तुम्हीही एक करा. घरात कुणी कारखान्यात, डेअरीत, पाणी योजनेवर काम करत असेल, मुलगी असो, सून असो की मुलगा, तर नेमणुकीचं पत्र आणि पगारपत्रक काढा. हुद्द्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि त्याच्या खाली ती व्यक्ती दिवसभरात खरोखर काय काय करते ते आपल्या अक्षरात लिहा. दोन्ही जुळत नसेल तर मला केंद्रावर पत्र पाठवा किंवा येऊन भेटा. नाव-गाव रेडिओवर सांगणार नाही. बुधवारी ग्रामसेवकांकडे काय झालं ते पुढच्या भागात सांगते. नमस्कार.